चिखलाचा शिरा

नाताळ आला की मला बेथलेहेमचे मेंढपाळ आठवतात आणि पाठोपाठ पोहरादेवीचे संत सेवालाल महाराज. ज्ञानी लोकांनी बाळ येशूपुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवला. मेंढपाळ मात्र रात्रीची राखण सोडून तसेच धावले. त्यांचे काही उणे पडले नाही.

सेवालालही गुरे राखणारेच. भीमा नाईक आणि धरमणी यांचा हा मुलगा. बंजारा समाज त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतो. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूख पालथा घालणाऱ्या तांड्यात ते वाढले. लहानपणी त्यांनी चिखलाचा शिरा करून जगदंबेला नैवेद्य दाखवला, अशी आख्यायिका आहे. पुढे ते आजन्म ब्रह्मचारी राहिले आणि व्यसन, चोरी, खोटेपणा सोडा, असे तांड्यातांड्यांतून सांगत फिरले.

त्यांच्या मागे रेल्वे आली आणि बैलांवरचा व्यापार बुडाला. १८७१ च्या कायद्यापासून सुरू झालेला गुन्हेगार जमातीचा शिक्का अनेक बंजाऱ्यांच्याही कपाळी आला. तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. सारे गेले, पण पोहरादेवीच्या समाधीची ओढ गेली नाही. रामनवमीला आजही दूरदूरचे तांडे इथे लोटतात.

आणि मी? घड्याळाकडे बघत पूजा उरकतो. माझ्या शिऱ्यात काजू-बेदाणे असतात, मन नसते. यंदा ताट साधेच ठेवीन म्हणतो. मन तेवढे पूर्ण वाढीन.