गाडगे, गोधडी आणि खराटा

डिसेंबर महिना म्हटला की आपल्या शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. नाटकाच्या तालमी, खेळांचे सामने, पालकांच्या सभा. या गडबडीत २० डिसेंबर ही तारीख बहुधा कुणाच्या ध्यानात येत नाही. १९५६ साली याच दिवशी संत गाडगेबाबा गेले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी घरांतून ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची नावे आवर्जून घेतली जातात, शिवजयंती थाटाने होते. गाडगेबाबांचे नाव मात्र मुलांना पुष्कळदा एखाद्या स्वच्छता मोहिमेच्या फलकावरूनच कळते. म्हणून या अंकात त्यांच्या जीवनाची ओळख करून देत आहोत.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. त्यांचे नाव डेबूजी, वडिलांचे झिंगराजी, आडनाव जाणोरकर, आईचे नाव सखुबाई. गावाचे मळके कपडे नदीवर नेऊन स्वच्छ करून आणायचे हा या घराण्याचा परंपरागत व्यवसाय. पुढे या मुलाने कपड्यांऐवजी गावेच धुवायला घेतली, असे म्हटले तर ती केवळ कोटी होणार नाही.

वडील दारूच्या पायी अकाली गेले. आई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आली. शाळा डेबूच्या वाट्याला आलीच नाही. मामांची गुरे राखणे, नांगर धरणे, पूर्णा नदीत पोहणे यात बालपण गेले. अंगमेहनतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण घरात अक्षरओळख नसल्याने सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे कुणालाच कळले नाही आणि कसलेली जमीन कर्जापायी हातची गेली. ही जखम बाबा कधीच विसरले नाहीत. पुढे आयुष्यभर त्यांनी कीर्तनातून दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. कर्ज काढून सण करू नका आणि मुलांना शाळेत घाला. ताट मोडावे लागले तर हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, पण मुलाची शाळा चुकवू नये, असे त्यांचे सांगणे असे. आपल्या पालकांनी या सांगण्यातील पहिला भाग विसरू नये. शिक्षणासाठी पैसा हवा असेल तर तो इतर खर्चातून वाचवावा लागतो, हे बाबांचे साधे गणित होते.

डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले, मुले झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू देणे भाग होते. त्यांनी ते नाकारले आणि गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले. समाजाच्या रिवाजाला नाही म्हणण्याची ही त्यांची सुरुवात. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी ते घर सोडून निघाले.

आता त्यांच्या वेषाकडे पाहू, कारण त्यांची सारी शिकवण त्या वेषातच आहे. अंगात निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात काठी आणि खराटा. डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर. ते खापर उन्हात टोपीचे काम करी, भूक लागली की त्यात भाकरी आणि कालवण घेता येई, तहान लागली की त्यातूनच पाणी पिता येई. जेवण झाले की धुऊन पुन्हा डोक्यावर! या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगे महाराज म्हणू लागले. कुठे चिंधेबुवा, कुठे गोधडेबुवा अशीही नावे पडली.

या वेषाला आपण वैराग्य म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. जरा थांबून त्यातील व्यवहार पाहावा. बाबांच्या अंगावरची एकही वस्तू नवी विकत आणलेली नव्हती. जे दुसऱ्याने टाकले ते त्यांनी वापरले. मडके फुटले तरी त्याचा खालचा भाग शाबूत असतो, लुगडे विरले तरी त्याचा पदर चांगला असतो, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. म्हणून तर घरोघरी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जात. शेवटी झिजून ते खापर टाकून दिले तरी मातीतच मिसळणार. वापरा आणि फेका हा शब्दप्रयोग त्यांच्या काळी नव्हता, आणि असता तरी बाबांना तो कळला नसता. एका माणसामागे किती कचरा होतो याचा हिशेब आज शास्त्रज्ञ करतात. बाबांचा हिशेब शून्याच्या जवळपास आला असता.

त्यांचा दिनक्रम ठरलेला असे. पायी चालत एखाद्या गावी पोहोचायचे. कुणाच्या ओसरीवर न टेकता, कुणाला नाव न सांगता थेट रस्ता झाडायला लागायचे. गटारे तुंबलेली असली तर ती उपसायची. मैला पडलेला असला तरी हात मागे घ्यायचा नाही. गावकऱ्यांना आधी वाटे, कुणी वेडा आला आहे. मग हळूहळू एकेक जण शरमेने किंवा कुतूहलाने मदतीला येई. भाकरी मागायची ती काम झाल्यावर. संध्याकाळी झाडलेल्या जागेवरच कीर्तन होई. कुणी पाया पडायला आले तर बाबा ते मुळीच चालू देत नसत. तुकोबांना ते गुरू मानत, पण आपला शिष्य कुणी नाही असे बजावून सांगत.

कीर्तनही जगावेगळे. पाठ केलेले आख्यान नाही, संस्कृत श्लोक नाहीत. वऱ्हाडी बोलीत समोरच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारायचा, त्याच्याकडून उत्तर काढून घ्यायचे आणि त्या उत्तरातूनच त्याची चूक त्याला दाखवायची. नवसाला बकरे कापता, ते देवाने मागितले का? शिवाशीव पाळता, ती कुणी शिकवली? सभा हसत असे आणि हसता हसता गप्प होत असे. मधूनच गोपालाचा गजर सुरू होई आणि हजारो माणसे टाळ्यांच्या ठेक्यात डोलू लागत.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. नदीच्या उताराची वाट चिखलाने निसरडी असे, म्हातारी माणसे घसरून पडत. घर सोडल्यावर बाबा या यात्रेत आले. स्नानाचे पुण्य बाजूला ठेवून त्यांनी फावडे घेतले आणि दरडीला वाट पाडू लागले. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना हात दिला. पुढे लोकांनी दिलेल्या पैशातून तेथे पक्का घाट बांधला गेला. बाबांच्या सगळ्या मोठ्या कामांचा क्रम असाच दिसतो. आधी स्वतःचे दोन हात, लोकवर्गणी त्यानंतर.

पंढरपूरचे उदाहरण आणखी बोलके आहे. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरत. त्या काळी पुरेसे संडास नव्हते. नदीकाठीच प्रातर्विधी आणि त्याच नदीचे पाणी पिण्यासाठी. पटकीचे जंतू मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून माणसाच्या पोटात जातात. त्यामुळे वारीत पटकीची साथ उसळणे ही नित्याची गोष्ट होती. गावाकडून निघालेले कितीतरी वारकरी घरी परतत नसत. बाबा पंढरपूरला जात, पण देवळाच्या रांगेत उभे राहण्याऐवजी वाळवंटात खराटा चालवीत. त्यांच्या खराट्यामागे निव्वळ टापटिपीची हौस नव्हती, तो माणसांच्या जिवाचा प्रश्न होता.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगायला हवी. पर्यावरण हा शब्द बाबांच्या कीर्तनात नव्हता आणि त्यांना आजच्या अर्थाने पर्यावरणवादी म्हणणे ओढूनताणून होईल. त्यांनी जो कचरा झाडला तो शेण, राख, पालापाचोळा, उष्टे-खरकटे असा होता. तो गावच्या उकिरड्यावर गेला की काही महिन्यांत त्याचे खत होऊन शेतात परत जाई. आज आपण वर्ग झाडला तर सुपलीत काय निघते? बिस्किटाचे आणि चॉकलेटचे कागद, रिकामी पेने, पाण्याच्या बाटल्यांची झाकणे. हे कोणत्याही उकिरड्यावर कुजत नाही. म्हणजे खराटा मारून आज आपले काम निम्मेच होते, कचरा केवळ आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जातो. उरलेले निम्मे काम बाबांच्या खराट्यात नव्हे, गाडग्यात आणि गोधडीत आहे. स्वच्छता सप्ताहात नवे कोरे झाडू घेऊन छायाचित्रे काढली जातात, मागे बाबांचे चित्र छापलेला प्लास्टिकचा भलामोठा फलक असतो आणि कार्यक्रम संपल्यावर तो फलकच कचऱ्यात जातो. हे बाबांनी पाहिले असते तर त्या रात्रीच्या कीर्तनाला विषय मिळाला असता.

बाबांनी स्वतःसाठी काही जमवले नाही, पण समाजासाठी मात्र अपार उभे केले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांची सोय केली, कारण गावाकडून आलेली ही माणसे फुटपाथवर पथारी टाकत. अंध, पंगू, कुष्ठरोगी यांना अन्न आणि कपडे दिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी, जातीमुळे कुठेही आसरा न मिळणाऱ्या वारकऱ्यांसाठी बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्यालाही त्यांचा मोठा पाठिंबा होता. लाखो रुपये हातातून गेले, परंतु बांधलेल्या कोणत्याही इमारतीवर आपल्या नातेवाइकांचा हक्क राहू दिला नाही. कुंताबाई झोपडीतच राहिल्या. हे वाचायला सोपे आहे. त्या माउलीने ते सोसले, याची नोंद चरित्रांतून फार थोडी सापडते.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना, एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांना कळली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. ही हकिकत अनेकदा धैर्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्या रात्री गजर संपून माणसे पांगल्यावर बाबांच्या मनात काय चालले असेल ते कुणालाच ठाऊक नाही.

उतारवयात प्रकृती खालावली, मधुमेहाने ग्रासले, तरी भटकंती चालूच होती. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. सुदैवाने त्याचे ध्वनिमुद्रण झाले, त्यामुळे त्यांचा आवाज आपल्याला आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. अमरावतीच्या ज्या भागात त्यांची समाधी आहे तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

२०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्याची रीत बाबांच्या रीतीशी जुळणारी होती. आधी अनुदान नाही, गावाने श्रमदानाने गाव झाडावे, गटारे वाहती करावी, संडास बांधावेत आणि मग तपासणीत उतरून बक्षीस मिळवावे. पुष्कळ गावांनी ते करून दाखवले. २००५ साली अमरावती विद्यापीठालाही बाबांचे नाव देण्यात आले. ज्या मुलाच्या घरात सावकाराचा कागद वाचणारे कुणी नव्हते, त्याचे नाव तेव्हापासून हजारो पदवीपत्रांवर छापले जाते.