डॉ. होमी भाभा : बी पेरून गेलेला शास्त्रज्ञ

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी घराण्यात झाला. १९२७ साली ते शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, ही वडिलांची इच्छा. होमींचे मन मात्र पदार्थविज्ञानात रमले. त्यांनी तसे पत्राने कळविले. वडिलांनी साफ नकार दिला नाही. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावे, मग गणिताकडे वळावे, अशी त्यांनी अट घातली. १९३० साली होमींनी ती पुरी केली.

१९३९ साली ते सुट्टीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. अणुशक्तीमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. पण त्यांचे आणखी एक कार्य फारसे कोणास ठाऊक नाही. १९६१ साली परदेशातील चार तरुण भारतीय शास्त्रज्ञांनी भारतात रेडिओ दुर्बीण उभारण्याची योजना पाठविली. डॉ. भाभांनी तारेने होकार कळविला. त्यांपैकी गोविंद स्वरूप १९६३ साली परतले आणि १९६५ साली आपल्या शेजारच्या कल्याण येथे ३२ छोट्या तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात डॉ. भाभांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या विद्यार्थिनीला पहिला पल्सार सापडला. पल्सार म्हणजे सूर्याहून जड, पण जेमतेम वीस किलोमीटर व्यासाचा, गरगर फिरणारा मृत तारा. त्याची गती हळूहळू मंदावत जाते. पण १९६९ साली वेला नावाचा पल्सार एकाएकी किंचित वेगाने फिरू लागल्याचे दिसले. असे का व्हावे?

विद्यार्थ्यांनो, एक कच्चे अंडे ताटलीत फिरवा. बोटाने क्षणभर थांबवून लगेच सोडा. ते पुन्हा फिरू लागेल, कारण आतला बलक फिरतच असतो. पल्सारचे कवचही मंदावते, पण आतील घर्षणरहित द्रव आपली गती राखून असतो. मग एखाद्या क्षणी तो ती गती कवचाला देतो, असे शास्त्रज्ञ मानतात. जेथे कोणी पोहोचू शकत नाही, त्या ताऱ्याचे अंतरंग असे बाहेरून उमगते.

आज उटीची दुर्बीण आणि जुन्नर तालुक्यातील खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण अशा घटना टिपतात. डॉ. भाभांनी यातील काहीच पाहिले नाही. त्यांनी बी पेरले होते.

पालकहो, आपल्या मुलाचा किंवा मुलीचा ओढा वेगळ्या विषयाकडे असेल, तर रागावण्यापूर्वी होमींच्या वडिलांना आठवा. त्यांनी मेहनतीची अट घातली, पण दार बंद केले नाही. आणि विद्यार्थ्यांनो, अट पुरी करणे हे तुमचे काम आहे.