ज्योतिर्विद योहान केप्लर

जर्मनी देशातील वाइल या लहानशा गावी ता. २७ डिसेंबर १५७१ रोजी योहान केप्लर याचा जन्म झाला. बाळपणी देवी येऊन त्याची दृष्टी कायमची अधू झाली. पाळक व्हावे या हेतूने तो ट्यूबिंगेन येथील विद्यापीठात शिकला. परंतु १५९४ साली त्यास ग्राट्स शहरी गणिताच्या शिक्षकाची जागा मिळाली. पुढे १६०० साली तेथील प्रॉटेस्टंट लोकांस, धर्ममत बदला अथवा शहर सोडा, अशी आज्ञा झाली. केप्लर याने आपले मत सोडले नाही. कुटुंबासह शहर सोडले.

त्यास आश्रय मिळाला तो प्राग शहरी, टायको ब्राहे याजपाशी. हा डेन्मार्क देशाचा सरदार. दुर्बीण निघण्यापूर्वीच्या त्या काळी ह्वेन बेटावर याने सुमारे २० वर्षे मोठमोठ्या यंत्रांनी ग्रहताऱ्यांची स्थाने मोजून वह्यांत टिपली होती. इतक्या बारकाईची नोंद तेव्हा दुसऱ्या कोणापाशी नव्हती. अधू डोळ्यांच्या केप्लरास तीच हवी होती; पण टायको ती जपून ठेवी व थोडी थोडीच दाखवी.

१६०१ साली टायको मरण पावला. वारसांचे लक्ष नाही असे पाहून केप्लर याने त्या वह्या आपल्या ताब्यात घेतल्या. हे कृत्य सरळ नव्हते, व पुढे एका पत्रात त्याने ते कबूलही केले. टायकोचा जावई टेंग्नागेल याच्याशी तंटा झाला, आणि मंगळावरील ग्रंथ १६०५ च्या सुमारास लिहून झाला असताही १६०९ पर्यंत तो बाहेर पडला नाही.

या ग्रंथाची कथा बोधपर आहे. मंगळाच्या मार्गाचे जुन्या रीतीने केलेले गणित टायकोच्या नोंदीशी ८ कलांनी जुळेना. इतके अंतर म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा सुमारे चौथा हिस्सा. दुसरा कोणी असता तर त्याने ही चूक नोंद करणाऱ्याच्या माथी मारली असती. केप्लर याने टायकोचे मोजमाप खरे मानून स्वतःचे गणितच टाकून दिले. तेणेकरून मंगळ लंबवर्तुळात फिरतो हे सत्य त्याच्या हाती आले, व त्याचे श्रेय त्याने त्या ग्रंथात टायकोच्या परिश्रमास उघडपणे दिले. टायको पृथ्वी स्थिर मानी, केप्लर ती फिरते असे मानी. तथापि मतभेदास्तव त्याने दात्याचे नाव झाकले नाही.

टायकोच्या नोंदीवरून ग्रहांची कोष्टके करण्याचे काम राहिले होते. लिंट्स शहरास १६२६ साली वेढा पडला असता छापखाना जळाला. केप्लर उल्म येथे गेला व १६२७ साली पदरचा पैसा घालून त्याने ती छापविली. मुखपृष्ठावर टायकोचे नाव अग्रभागी आहे. आता ती सामग्री कोणासही वापरता येऊ लागली.

त्या कोष्टकांवरून १६३१ साली बुधग्रह सूर्यबिंबावरून जाईल असे गणित निघाले. केप्लर याने १६२९ साली पत्रक छापून सर्व देशांच्या ज्योतिर्विदांस ते पाहण्याची विनंती केली. ता. १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्ग येथे तो निवर्तला. पुढील वर्षी ता. ७ नोव्हेंबर रोजी पॅरिस येथील गासेंदी नामक रोमन कॅथॉलिक याजकाने बुधाचा तो काळा ठिपका पाहिला.

वाचकहो, टायकोने मोजले, केप्लराने अर्थ लाविला, गासेंदीने पडताळा पाहिला. वह्या पेटीतच राहत्या, तर एकाचे श्रम दुसऱ्यास फळले नसते. म्हणून जे मोजले ते इतरांस द्यावे. आणि ज्याने दिले त्याचे नाव राखावे.