विहिरीच्या पंपाचा दांडा काढायला लावणारे डॉक्टर : जॉन स्नो

कॉलरा घाणेरड्या हवेतून पसरतो, असं १८५४ साली लंडनमधले बहुतेक डॉक्टर छातीठोकपणे सांगत होते. मजुराच्या घरात जन्मलेल्या डॉ. जॉन स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. (राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर ते हेच!)

ऑगस्टअखेर सोहो भागात माणसं पटापट मरू लागली. स्नोंनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या विहिरीचं पाणी तपासलं. बारीक पांढरे कण सोडले तर ठोस काही सापडेना. मग त्यांनी घरोघर चौकशी केली, गेलेली माणसं कुठलं पाणी पीत होती? जवळच्या बिअर कारखान्यातला एकही कामगार दगावला नव्हता, कारण ते बिअरच प्यायचे! दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मात्र गेली. तिला याच विहिरीच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते मुद्दाम मागवायची.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. खरं तर साथ तोवर ओसरू लागली होती. पुढच्या वर्षी खोदकाम झालं, तेव्हा शेजारच्या घराचा गळका मैलाखड्डा विहिरीपासून जेमतेम ३ फुटांवर निघाला.

१८५८ साली, अवघ्या ४५व्या वर्षी स्नो गेले. तेव्हाही त्यांचं म्हणणं बहुतेकांना पटलं नव्हतं. आज तिथे त्यांच्या नावाचा पब आहे. तरुणपणी हे गृहस्थ दारूविरुद्ध भाषणं द्यायचे!