बोट देणारा राजा



शेवगावहून पैठणला आपले जाणे-येणे नेहमीचेच. त्याच पैठणला राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा इ.स. ७९४ चा ताम्रपट सापडला. वेरूळचे कैलास लेणे त्याच्या आजोबांच्या, पहिल्या कृष्णाच्या काळातले. आज आपण या गोविंदाच्या मुलाची, अमोघवर्षाची ओळख करून घेऊ.

इ.स. ८०० च्या नाताळात रोममध्ये पोप तिसरे लिओ यांनी शार्लमेन राजाला सम्राटपदाचा मुकुट घातला. अमोघवर्षाचा जन्म त्याच सुमाराचा. ८१४ मध्ये तिकडे शार्लमेनचे निधन झाले आणि इकडे हा कोवळा मुलगा गादीवर बसला. राजा लहान पाहून सामंतांनी बंड केले. गेलेले राज्य चुलतभाऊ कर्क याच्या मदतीने ८२१ पर्यंत परत मिळाले. पुढे त्याची कारकीर्द एकूण सुमारे ६४ वर्षांची झाली. गंग घराण्याशी चाललेले जुने वैर त्याने आपली मुलगी त्या घरात देऊन मिटवले.

त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कर्नाटकातील मळखेड. जैन आचार्य जिनसेन यांना तो गुरू मानी. उपलब्ध कन्नड ग्रंथांपैकी सर्वांत जुना ‘कविराजमार्ग’ त्याच्याच दरबारात तयार झाला. ८५१ च्या एका अरबी वृत्तांतात जगातील चार थोर राजांमध्ये त्याची गणना आहे.

पण आमच्या मनात राहते ती दुसरीच गोष्ट. संजाण येथे सापडलेला ८७१ चा ताम्रपट सांगतो की, प्रजेवर संकट आले तेव्हा ते टळावे म्हणून या राजाने आपल्या डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला अर्पण केले.

आपली श्रद्धा वेगळी आहे. देव आपल्याकडे शरीराचा अवयव मागत नाही. तरीही हे वाचताना दावीद राजा आठवतो. देशात मरी पसरली तेव्हा, चूक माझी आहे, शिक्षा मला व्हावी, लोकांना नको, अशी त्याने देवाला विनवणी केली. आणि प्रभू येशूने तर मेंढरांसाठी स्वतःचा प्राणच दिला.

घरात, गावात, धर्मग्रामात आपल्यापैकी अनेकांकडे थोडाफार अधिकार आहे. अडचण आली की आपले बोट पटकन दुसऱ्याकडे वळते. झळ आधी कोणी सोसायची, हा प्रश्न या आठवड्यात आपण प्रभूसमोर बसून स्वतःला विचारू या.