एकटा निघाला, दोघं झाले!

मित्रांनो, आमच्या नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीपर्यंत एकदा तरी सायकल मारून बघा. मे महिन्यात निघालात तर अर्ध्या रस्त्यातच बाटलीतलं पाणी चहासारखं तापतं. पावसाळ्यात शेतरस्त्याला लागलात तर काळी माती मडगार्डात अशी गच्च बसते, की चाक फिरायचं नाव घेत नाही. काडीनं खरवडा, दहा पावलं जा, पुन्हा खरवडा! आता विचार करा, अशीच साधी सायकल घेऊन एक माणूस मुंबईहून निघाला अन् जग फिरून सात वर्षांनी परत आला. त्यांचं नाव फ्रामरोझ दावर.

दावर मुंबईचे पारशी. पेशानं क्रीडा पत्रकार, म्हणजे दुसऱ्यांच्या खेळावर लिहिणारे. त्या वेळी मुंबईत सायकलवरून जगप्रदक्षिणेचं वारं होतं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २३ जानेवारी १९२४ रोजी, दावरही निघाले. फरक एवढाच, की ते एकटे होते. वय तिशीचं. या वयात आपल्याकडे लोक नोकरी-छोकरी बघून सेटल होतात!

व्हिएन्नापर्यंतचा प्रवास त्यांनी एकट्यानं केला. वाटेत पंक्चर झालं तर आपणच काढायचं, ताप आला तर आपणच आपल्याला पाणी द्यायचं. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव स्टाव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलवीर भेटला. देश वेगळा, भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण पायांना वेड एकच. तो दावर यांच्यासोबत निघाला आणि इथून पुढचा प्रवास दोघांचा झाला.

या जोडीनं पुढे सहारा वाळवंट ओलांडलं. वाळूत सायकल का चालत नाही, हे आपल्याला फर्स्ट इयरलाच शिकवलेलं असतं. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. टायर बारीक, जमिनीला टेकणारा भाग जेमतेम दोन-चार बोटांचा, अन् त्यावर माणसाचं आणि सामानाचं सगळं वजन. वाळू खचते, चाक रुततं. मग सायकल माणसाला नेत नाही, माणूसच सायकलला नेतो. त्यात उन्हाच्या मुलखात सगळ्यात जड सामान म्हणजे पाणी. जास्त घेतलं तर चाक रुततं, कमी घेतलं तर जीव जातो. पेपरात हा प्रश्न चुकला तर चार मार्क जातात, तिथे चुकून चालणार नव्हतं.

सहारानंतर दक्षिण अमेरिका. तिथे अँडीज पर्वत आणि ॲमेझॉनचं जंगल. एकीकडे धाप लागणारी विरळ हवा, दुसरीकडे अंगातून धारा काढणारी दमट गरमी. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तर नदी हाच रस्ता, मग सायकलवाल्याचे काय हाल!

१९३१ साली दावर मुंबईला परतले. खात्यावर ५२ देश आणि सुमारे १ लाख १० हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर, म्हणजे अडीच फेऱ्यांहून जास्तच. दुसऱ्यांच्या खेळावर लिहिणाऱ्या या माणसानं मग स्वतःच्या प्रवासावर पुस्तकं लिहिली. सहारावर एक, ॲमेझॉनवर एक.

आणि त्या सहा तरुणांचं काय झालं? मार्च १९२८ मध्ये त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं प्रदक्षिणा पूर्ण करून आले. बाकी तिघं वाटेत गळले. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. इतक्या लांबच्या वाटेवर कोणीही थकतो. पण मला गंमत वाटते ती या हिशोबाची. सहा निघाले, तीन राहिले. एकटा निघाला, दोघं झाले.

दोस्तांनो, आपल्यापैकी कितीतरी जण खेड्यातून एक ट्रंक अन् एक गादी घेऊन एकटेच होस्टेलला आलो. पहिल्या सेमिस्टरला बॅग भरून परत जावंसं कोणाला वाटलं नाही? काही जण गेलेही. जे टिकले, त्यांना कोणीतरी भेटलं होतं. रात्री दोनला पुन्हा एकदा सम समजावून सांगणारा, ताप आला की मेसमधून डबा आणणारा. प्रत्येकाच्या वाटेत एक व्हिएन्ना येतं राजेहो, फक्त तिथपर्यंत पायडल मारत राहावं लागतं. आणि आज आपली गाडी नीट चालली असेल, तर शेजारच्या खोलीत कोणी एकटा तर नाही ना, तेवढं दार वाजवून बघा.