पडद्यावरचा चाचा आणि फासावरचा किड

चार्ल्स लॉटनसारखा कसलेला नट, शिडांची जहाजे, गुहेत पुरलेल्या पेट्या, तलवारींचा खणखणाट. एवढे सारे हाताशी असूनही १९४५ साली पडद्यावर आलेला ‘कॅप्टन किड’ हा हॉलिवूडचा चित्रपट निस्तेजच ठरला. त्यात समुद्र फारसा उसळत नाही. खजिन्यासाठी एकेका साथीदाराचा काटा काढणारा कपटी चाचा तेवढा दिसतो. लॉटन आहे म्हणून तो शेवटपर्यंत पाहवतो, इतकेच. वास्तविक विल्यम किडच्या आयुष्यात पटकथेला पुरून उरेल असे बरेच काही होते.

किड मूळचा स्कॉटलंडचा. न्यूयॉर्कमध्ये त्याने बस्तान बसवले आणि १६९१ मध्ये सारा नावाच्या श्रीमंत विधवेशी विवाह केला. तेथील ट्रिनिटी चर्च उभे राहत असताना या गृहस्थाने कप्प्या आणि दोरखंड उसने दिले होते. असा हा प्रतिष्ठित नागरिक १६९५ मध्ये लंडनला गेला आणि चाच्यांना पकडण्याची राजसनद घेऊन आला. लॉर्ड बेलोमाँट, सॉमर्स, ऑर्फर्ड असे बडे उमराव या मोहिमेचे भागीदार होते. लुटीत राजा तिसऱ्या विल्यमचाही वाटा ठरला होता. शत्रुराष्ट्र फ्रान्सची जहाजे पकडण्याचीही मुभा होती. मात्र शिकार मिळाली नाही तर खलाशांना पगार नाही, ही अट साऱ्या अनर्थाचे मूळ ठरली.

चौतीस तोफांची ‘अ‍ॅडव्हेंचर गॅली’ हिंदी महासागरात आली, पण चाचे गवसेनात. रोगराईने माणसे मेली. १६९७ च्या सप्टेंबरात किड लाकूडपाण्यासाठी कारवारला थांबला, तेव्हा काही खलाशी पळाले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीत त्याच्याविषयी संशय बळावला. ऑक्टोबरअखेर विल्यम मूर या तोफचीशी त्याची बाचाबाची झाली. किडने रागाच्या भरात त्याच्या डोक्यात बादली घातली आणि दुसऱ्या दिवशी मूर मेला.

३० जानेवारी १६९८ रोजी मलबार किनाऱ्याजवळ ‘क्वेडा मर्चंट’ हे जहाज त्याच्या हाती लागले. त्यावर रेशीम, मलमल, साखर, अफू असा माल होता. जहाजाकडे फ्रेंच परवाना होता; म्हणजे किडच्या लेखी शिकार कायदेशीर. परंतु कप्तान इंग्रज, व्यापारी आर्मेनियन आणि माल काही अंशी मोगल दरबारातील एका सरदाराचा! १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने ‘गंज-इ-सवाई’ लुटल्यानंतर सुरतेच्या इंग्रजांना कैद भोगावी लागली होती. औरंगजेबाचा रोष पुन्हा ओढवणे कंपनीला परवडणारे नव्हते. किड चाचा ठरला.

१६९९ मध्ये तो अमेरिकेला परतला. काही ऐवज त्याने न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर बेटावर पुरला. तो अधिकाऱ्यांनी लवकरच उकरून मोजूनही नेला. त्याला बोस्टनमध्ये अटक करविणारा गव्हर्नर होता त्याचा भागीदार बेलोमाँट! लंडनमध्ये विरोधी पक्षाला किडच्या तोंडून उमरावांची नावे हवी होती. त्याने ती पुरवली नाहीत. मे १७०१ मध्ये मूरचा खून आणि चाचेगिरी या आरोपांवर खटला चालला, त्या वेळी ज्यांवर बचावाची भिस्त होती ते फ्रेंच परवाने सापडेनात. २३ मे रोजी वॅपिंग येथे त्याला फाशी देताना पहिला दोर तुटला. दुसऱ्यांदा चढवावे लागले. प्रेत थेम्सच्या काठी टांगून ठेवण्यात आले.

ते परवाने पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सरकारी दप्तरातच मिळाले. गार्डिनर बेटावरचा ऐवज कधीच जप्त झाला असूनही किडच्या खजिन्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या किनारे खणत राहिले. ‘क्वेडा मर्चंट’चे अवशेष मात्र २००७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातील कॅटालिना बेटाच्या किनाऱ्यापासून जेमतेम सत्तर फुटांवर, दहा फुटांहून कमी खोल पाण्यात आढळले. तेथे होत्या त्या तोफा आणि नांगर.